पहिल्यांदा कविता वर्कशॉपला जाताय? मग हे वाचा

अगं टेन्शन नको घेऊस, पहिल्या दिवशी कोणालाच काही सुचत नाही. पाणी, वारा, माती असा विषय दिला की सगळे लगेच 'जीवन', 'अनंत' वगैरे लिहायला घेतात, मीपण तेच केलेलं, तू मात्र एकच पाणी पकड, म्हणजे नळाखालच्या बादलीतलं, आणि त्याचा आवाज, थंडपणा, वास एवढंच लिही. मधे मन भरकटलं तर भरकटू दे, ओढून आणू नकोस, 10 मिनिटं पेन न थांबवता लिहायचं, खाडाखोड नंतर. यमकाच्या मागे तर अजिबात लागू नकोस, ते ओळीचा गळा धरतं. आणि वाचून दाखवायची वेळ आली की 'एवढं खास नाहीये हं' म्हणू नकोस, सरळ वाच. जिथे जीभ अडखळेल तिथे खूण कर, ती ओळ बहुतेक उडवावी लागते.