अमेरिकी उजव्यांच्या नादी नव्यानेच लागलेल्यांसाठी

रिपब्लिकन म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी, हे आधी डोक्यातून काढा. कोण कुठल्या गटाचा हे भाषणांवरून कळत नाही, भांडणांवरून कळतं.

सुरुवात डिसेंबर 2024 च्या एच-1बी (कुशल परदेशी कामगारांचा व्हिसा) वादापासून करा. आपल्याकडच्या कितीतरी घरांचा जीव त्यात अडकला होता. कुशल स्थलांतराचे पुरस्कर्ते, भारतीय वंशाचे श्रीराम कृष्णन यांना ट्रम्प यांनी एआय सल्लागार नेमलं आणि ठिणगी पडली. इलॉन मस्क, उद्योजक-नेते विवेक रामस्वामी म्हणत होते, हुशार माणसं बाहेरून आणा. ट्रम्प यांचे जुने रणनीतीकार स्टीव्ह बॅनन यांच्या गटाला ती अमेरिकी कामगाराच्या पोटावर मारलेली लाथ वाटत होती. दोघंही ट्रम्प यांचेच! ट्रम्प यांनी तेव्हा मस्क यांची बाजू घेतली, पण सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर 1 लाख डॉलर शुल्क लावलं.

मग मागे जा. विल्यम बकली यांनी 1955 मध्ये काढलेल्या 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकाभोवती खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते, परंपरावादी आणि कम्युनिस्टविरोधक यांची मोट बांधली गेली. रेगन यांनी ती सत्तेत नेली. शीतयुद्ध संपलं नि ती सुटू लागली. 1992 मध्ये थोरल्या बुश यांना पक्षातूनच आव्हान देणारे, स्थलांतर नि परदेशी युद्धांना विरोध करणारे पॅट ब्यूकॅनन नीट अभ्यासा. ट्रम्प यांचा बराचसा माल मला तिथलाच वाटतो. इराक युद्धानं निओकॉन (लष्करी बळानं जगात लोकशाही पसरवा म्हणणारे) बदनाम झाले, पण परदेशात बळ वापरा म्हणणारे संपले नाहीत. जून 2025 मध्ये इराणवरून सिनेटर टेड क्रूझ आणि टीव्हीवाले टकर कार्लसन कॅमेऱ्यासमोर कसे हमरीतुमरीवर आले, ते बघाच.

करकपातीवरची भांडणं सध्या बाजूला ठेवा. ट्रम्प यांचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांना मात्र एका खणात कोंबू नका: बोलतात कारखान्यातल्या कामगाराबद्दल, पण 2022 च्या सिनेट निवडणुकीत त्यांच्यामागे पैसा होता सिलिकॉन व्हॅलीचे गुंतवणूकदार पीटर थील यांचा.