वाचकांचे प्रश्न : जॅझ ऐकणारे चित्रकार

प्रश्न : चित्रकलेच्या वर्गात मी मुलांना रागमाला चित्रे दाखवते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील चित्रकारांनीही जॅझ ‘रंगवला’ असे वाचनात आले. वादकांची चित्रे काढण्यापलीकडे त्यात काही होते का?
– एक कलाशिक्षिका, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : होते, आणि रागमालेशी ताडून पाहिले तर ते अधिक स्पष्ट होते. रागमालेच्या, म्हणजे रागांना चित्ररूप देणाऱ्या मालिकेच्या, चित्रकारापुढे रागाचे ध्यान, प्रहर, ऋतू आणि नायक-नायिका असे परंपरेने ठरवून दिलेले संकेत होते. जॅझच्या चित्रकारांना असा आधार नव्हता, कारण संगीतच नवे होते. जॅझची पहिली मानली जाणारी ध्वनिमुद्रिका १९१७ सालची. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडच्या शहरांत गेलेल्या लाखो कृष्णवर्णीयांबरोबर हे संगीतही तिकडे पोहोचले. न्यू ऑर्लिन्सचे ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग १९२२ मध्ये शिकागोला गेले ते याच ओघात.

हे स्थलांतर ज्यांनी चित्रांत आणले, त्यांत ॲरन डग्लस यांचे नाव मी प्रथम घेईन. कॅन्ससमध्ये जन्मलेले डग्लस १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयासाठी १९३४ मध्ये त्यांनी चार मोठी चित्रे केली, आणि त्यांतील शेवटच्या चित्रात, उंच इमारतींच्या मध्ये, एका प्रचंड दातेरी चक्रावर उभा राहून एक माणूस सॅक्सोफोन वर उचलून धरतो. दूरवर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो आणि सगळ्या चित्रभर प्रकाशाची वर्तुळे पसरत जातात, जणू सूरच डोळ्यांना दिसावेत. त्याच चक्रावर हातात बॅग घेऊन धावणारी आकृतीही आहे. वाद्य, यंत्र, पळून आलेला माणूस आणि स्वातंत्र्याचे आश्वासन हे सारे एका चौकटीत आणणाऱ्या या चित्राला केवळ ‘वादकाचे चित्र’ म्हणता येणार नाही.

आर्चिबाल्ड मॉटली शिकागोत वाढले, पण त्यांचे ‘ब्लूज’ हे गाजलेले चित्र १९२९ मध्ये पॅरिसच्या मुक्कामात झाले. त्यात नाचणारे आणि वाजवणारे एकमेकांत इतके मिसळून गेले आहेत की नजर कुठेही फार वेळ स्थिर राहत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच सुमारास हार्लेमच्या कॉटन क्लब या नाइट क्लबमध्ये ड्यूक एलिंग्टन यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद वाजवत होता, परंतु समोर बसण्याची मुभा मात्र गोऱ्यांनाच होती. मॉटलींच्या चित्रात कृष्णवर्णीय माणसे स्वतःच्या आनंदासाठी ते संगीत ऐकत आहेत, आणि त्या काळी हे रंगवणे साधे नव्हते.

स्टुअर्ट डेव्हिस यांची वाट निराळी. तरुणपणी ते न्यूअर्कच्या मद्यालयांत कृष्णवर्णीय पियानोवादकांना ऐकायला जात, आणि ही ओढ जन्मभर टिकली. १९३८ मधले त्यांचे ‘स्विंग लँडस्केप’ चार मीटरांहून लांब आहे. ब्रुकलिनच्या एका गृहवसाहतीसाठी ते केले गेले, पण तेथे कधी लागले नाही. त्यात एकही वादक नाही. बंदरातल्या डोलकाठ्या, दोरखंड आणि शिड्या यांचे तुकडे भडक रंगांत असे मांडले आहेत की एक रंग एका ठिकाणी ठसतो, दुसरीकडे अनपेक्षितपणे पुन्हा डोकावतो आणि मध्येच थांबतो. डेव्हिस यांना पियानोवादक अर्ल हाइन्स विशेष प्रिय होते. तरुण चित्रकार रोमेअर बिअर्डन यांना त्यांनी हाइन्स ऐकायला सांगितले आणि दोन सुरांमध्ये ते किती जागा सोडतात याकडे लक्ष वेधले. बिअर्डन यांच्या कोलाजांमधील (कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांमधील) मोकळ्या जागा पाहताना मला हा सल्ला नेहमी आठवतो. डेव्हिस यांनी आपल्या मुलाचे नाव जॉर्ज अर्ल ठेवले, त्यातला ‘अर्ल’ हाइन्स यांचा आणि ‘जॉर्ज’ हा ढोलवादक जॉर्ज वेटलिंग यांचा. हे वेटलिंग डेव्हिस यांच्याकडे चित्रकला शिकत, म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती.

१९४० मध्ये न्यूयॉर्कला आलेले डच चित्रकार पीट मोन्द्रियान यांनी बूगी-वूगीच्या, म्हणजे पियानोवरच्या ठेकेदार नृत्यसंगीताच्या, नादात आपल्या चित्रांतल्या नेहमीच्या काळ्या रेषा सोडल्या आणि लाल, पिवळ्या, निळ्या चौकोनांची धावती रांग रचली, हेही येथे नोंदवायला हवे.

काही समीक्षक डेव्हिस आणि मोन्द्रियान यांना वरचे स्थान देतात आणि डग्लस, मॉटली यांना प्रसंगचित्रकार ठरवतात. मला हे अन्यायाचे वाटते. एका बाजूने संगीताची रचना घेतली आणि दुसऱ्या बाजूने ज्यांनी ते घडवले त्यांचे जगणे घेतले. दुसरे काम पहिल्याहून सोपे नाही.

प्रश्न : मुलांना जॅझ ऐकवायचा तर सुरुवात कशी करावी?
– त्याच वाचक

उत्तर : आर्मस्ट्राँग यांनी जून १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘वेस्ट एंड ब्लूज’ ऐकवावे. ते साधारण सव्वातीन मिनिटांचे आहे. आरंभी ट्रम्पेट कोणत्याही साथीविना एकटे वाजते आणि पुढे पियानोवर हाइन्स येतात. त्यांचा डावा हात लय सांभाळत असताना उजवा हात तिच्या आगेमागे कसा खेळतो, हे नाशिकच्या मुलांना समजावणे अवघड नाही, कारण मिरवणुकीत ढोलाच्या ठरलेल्या ठोक्यावर ताशा कसा मोकळा फिरतो हे त्यांनी लहानपणापासून ऐकले आहे. शिकागोत हाइन्स यांच्यावर ज्यांचा प्रभाव पडला ते पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत असत, हेही मुलांना सांगावे. दूरचे वाटणारे संगीत त्यांना थोडे जवळचे वाटेल.

नंतर तेच पुन्हा लावून चित्र काढायला सांगावे, पण वादक काढू नका अशी अट घालू नये. कुणी ट्रम्पेट काढील, कुणी नुसते ठिपके आणि पट्टे. कागद भिंतीवर लावल्यावर मग डग्लस आणि डेव्हिस यांची चित्रे शेजारी शेजारी दाखवावीत.