नगरच्या जुन्या वास्तूंच्या फोटोंत एकच भौमितिक आकार शोधायचा असेल तर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी नववीत आहे. शाळेने गणित आणि इतिहास मिळून प्रकल्प दिलाय की आपल्या परिसरातल्या ऐतिहासिक स्थळांचे फोटो काढा, त्यांत एक साधा भौमितिक आकार शोधा आणि तो खरंच तोच आकार आहे हे दाखवून द्या. राहायला तुम्ही अहिल्यानगरला. मुलीने त्रिकोण ठरवलाय आणि तुमच्या मनात पाल चुकचुकतेय.

बरोबर चुकचुकतेय. त्रिकोण घेऊ नका. कुठल्याही फोटोवर तीन ठिपके द्या, त्रिकोण तयार. देवळाचा कळस, किल्ल्याचा उतरता तट, दोन खांब आणि वरचा पक्षी, काहीही चालतं. तो आकार फोटो काढणाऱ्याचा झाला, बांधणाऱ्याचा नाही. आकार असा धरावा की जो गवंड्याला दोरी ताणून, मापं घेऊन मुद्दाम काढावा लागला असेल. वर्तुळाचा मोह होईल, कारण आपला भुईकोट किल्ला साधारण गोल आहे. पण जमिनीवरून तो गोल दिसत नाही, दिसतो तो नुसता तट आणि खंदक. शिवाय जागा लष्कराच्या ताब्यातली, प्रत्येक फोटोला आधी विचारा. तेव्हा किल्ला सोडा.

मी नगरचीच आहे (नाव बदललं तरी तोंडात नगरच येतं) आणि इमारतींच्या मोजणीचं काम करते. माझं मत विचाराल तर डोळे मिटून अष्टकोन घ्या. निजामशाहीच्या लोकांना या आकाराचं भारी वेड होतं आणि त्याचे दोन ठळक नमुने आपल्याकडे आहेत. एक, पाथर्डी रस्त्याला मेहेकरीजवळच्या डोंगरावरचा चांदबिबीचा महाल. दुसरा, भिंगारच्या बाजूचा फराहबाग. तिसरा हवाच असेल तर सावेडीकडच्या हश्त बिहिश्त बागेत तलावातल्या अष्टकोनी महालाचे अवशेष आहेत, पण पडझड इतकी झालीये की मोजायला कडा नीट सापडत नाहीत. पहिल्या दोघांवर भागवा.

नावाचा एक घोळ आधीच निस्तरून टाकते, नाहीतर इतिहासाच्या बाई गुण कापतील. चांदबिबीचा महाल हा महाल नाही आणि चांदबिबीचा तर मुळीच नाही. ती कबर आहे दुसऱ्या सलाबतखानाची, म्हणजे मुर्तझा निजामशाहाच्या वजिराची. चांदबिबीने मोगलांविरुद्ध किल्ला लढवला तो 1595-96 मध्ये, खानाच्या नंतर. लोकांना बिबी लक्षात राहिली, वजीर विसरला. फोटोखाली 'सलाबतखानाची कबर (चांदबिबीचा महाल)' असं लिहा, दोन्हीकडचे लोक खूश.

आता गंमत अशी की कबर आठ बाजूंची आहे हे तिथे गेलेल्या कुणालाही माहीत असतं, पण फोटोत आठ बाजू कधीच दिसत नाहीत. समोर उभं राहिलात तर तीन दिसतात, कोपऱ्यासमोर उभं राहिलात तर चार. बाकीच्या पाठीमागे. म्हणजे तीन बाजूंच्या फोटोवरून आठ बाजू सिद्ध करायच्या आहेत. प्रकल्प म्हणावा तो इथेच सुरू होतो.

मुलीला कागदावर सुसम अष्टकोन काढायला सांगा, म्हणजे सगळ्या बाजू सारख्या आणि प्रत्येक आतला कोन 135 अंशांचा. वरून बघितल्यासारखा. एक बाजू आपल्याकडे तोंड करून आहे असं धरा. शेजारच्या दोन बाजू तिच्याशी 45 अंशांत मागे वळलेल्या असतात, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला त्या पूर्ण रुंदीच्या दिसत नाहीत. किती दिसतात? नववीच्याच पुस्तकातला 45-45-90 चा त्रिकोण लावा: कर्ण म्हणजे खरी बाजू, आणि आपल्याला दिसते ती काटकोन करणारी बाजू, म्हणजे कर्ण भागिले वर्गमूळ 2. खऱ्या बाजूच्या 0.707 पट. फोटोत मधली बाजू 50 मिलिमीटर भरली तर शेजारच्या प्रत्येकी 35 च्या आसपास भरायला हव्यात.

कोपऱ्यासमोरून काढलेल्या फोटोत हिशेब वेगळा. मधल्या दोन बाजू 22.5 अंशांनी कललेल्या असतात, कडेच्या दोन 67.5 अंशांनी. 50 च्या बाजूला मधल्या 46-46 आणि कडेच्या 19-19. हे आकडे त्रिकोणमितीतून येतात. नववीला जड जात असेल तर कोनमापकाने मोठं चित्र काढून पट्टीने मोजू द्या, तेवढं पुरे.

पण हे सगळं 'लांबून' या शब्दावर उभं आहे, आणि तिथेच लोक आपटतात. डोंगरावर गाडी जाते, मग सगळे वर जाऊन पायऱ्यांपाशी उभे राहून फोटो काढतात. जवळून काढलेल्या फोटोत शेजारच्या बाजू दोन कारणांनी अरुंद होतात: एक तर त्या वळलेल्या आहेत आणि वर त्यांची मागची कड मधल्या बाजूपेक्षा दूर आहे. मी हिशेब करून देते. एका बाजूची जेवढी लांबी, तिच्या तिप्पट अंतरावर उभं राहिलात तर 50 ला 35 नाही, 24 मिळतात. दहापट अंतरावर 31. तीसपट अंतरावर 34.

त्या 24 कडे जरा नीट बघा. लांबून काढलेल्या सुसम षटकोनाच्या फोटोत शेजारच्या बाजू मधलीच्या बरोबर निम्म्या दिसतात, 50 ला 25. म्हणजे जवळून काढलेला अष्टकोन आणि लांबून काढलेला षटकोन कागदावर जवळजवळ सारखेच मोजले जातात! नुसत्या फोटोवर पट्टी ठेवून कुणी छातीठोकपणे 'हा षटकोन' म्हणालं तर त्याला फोटो कुठून काढला ते विचारा. म्हणूनच प्रत्येक फोटोखाली अंतर लिहायचंच. पावलं मोजा, किंवा भिंतीची एक बाजू टेपने मोजून तिच्या पटीत सांगा.

झूम केल्याने हा फरक जातो असं बऱ्याच जणांना वाटतं. झूममुळे चित्र फक्त मोठं होतं, बाजूंचं प्रमाण बदलत नाही. प्रमाण ठरतं ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. म्हणून लांब जा आणि मग झूम करा. डोंगरमाथ्यावर मागे सरकायला फारशी जागा नाही. तेव्हा कबरीचा मुख्य फोटो खालच्या रस्त्यावरून घ्या. खालून घेताना तळमजला कठड्याआड जातो, तर वरच्या मजल्यावर मोजा, आणि प्रत्येक फोटोत तोच मजला धरा. मोबाइल ताठ धरा. आकाशाकडे कलता केलात की उभ्या कडा वर एकमेकींकडे झुकतात आणि वर-खाली वेगवेगळं माप येतं. 0.5 वाली रुंद लेन्स तर नकोच, कडेच्या वस्तू ती नको तितक्या ताणते.

फराहबाग सपाट जमिनीवर आहे. पूर्वी भोवती पाणी होतं, मधोमध महाल. आता पाणी नाही, त्यामुळे हवं तितकं मागे सरकता येतं. 1583 मध्ये तो पुरा झाला, आणि सलाबतखानाचा त्यातही हात होता. दोन्ही वास्तू एकाच माणसाशी जोडलेल्या, हे इतिहासाच्या भागाला आयतंच मिळालं. पण आकार तोच नाही. फराहबाग आठ बाजूंचा असला तरी सुसम नाही. चौकोनाचे चार कोपरे छाटल्यासारखा आहे: चार बाजू लांब, मधोमध उंच कमानीच्या, आणि मधल्या चार आखूड.

हे डोळ्याने कळतं, पण सिद्ध करायचं कसं? इथे मी तुम्हाला मोजणीवाल्यांची युक्ती सांगते. दोन फोटो काढा. पहिला लांब बाजूच्या अगदी समोरून. मग इमारतीभोवती 45 अंश फिरा, तेवढ्याच अंतरावर राहा, आणि छाटलेल्या कोपऱ्याच्या समोरून दुसरा काढा. दोन्हींत मधली बाजू आणि शेजारची बाजू यांचं प्रमाण काढा. अष्टकोन सुसम असेल तर दोन्ही फोटो सारखेच येतील, कारण इमारत कुठल्याही बाजूने तीच आहे. सुसम नसेल तर पहिल्यात शेजारच्या बाजू अगदी चिंचोळ्या येतील आणि दुसऱ्यात चक्क मधलीपेक्षा रुंदही निघू शकतील. या पद्धतीत अंतर नेमकं किती हे कळलं नाही तरी फारसं बिघडत नाही, फक्त दोन्ही वेळा सारखं पाहिजे. मग हीच परीक्षा सलाबतखानाच्या कबरीवर करा. ती डोळ्याला सुसम वाटते. खरंच तशी निघते का हे मुलीलाच मोजू द्या, मी आधी सांगून तिची मजा घालवत नाही.

या वास्तूंच्या आत गेलात की आणखी एक फोटो घ्या, तो माझ्या मते सगळ्यात बोलका असतो. मोबाइल दालनाच्या मधोमध जमिनीवर पालथा ठेवायचा नाही, उताणा ठेवायचा: पुढचा कॅमेरा वर, टायमर दहा सेकंदांचा, आणि आपण बाजूला व्हायचं. वरचं छत सरळ खालून टिपलं जातं. बाहेरून जे तीन-तीन बाजूंनी जुळवावं लागतं ते इथे एका चित्रात आठही बाजूंसह समोर येतं, आणि कोन वाकडेतिकडे होत नाहीत. अशा फोटोवर कोनमापक ठेवून 135 मोजता येतात. फोन खरंच मधोमध आहे ना, एवढं बघा.

असाच फोटो बागरोझ्यात, अहमद निजामशाहाच्या कबरीत, घेऊन बघायला हरकत नाही. ती बाहेरून चौकोनी आहे आणि वर घुमट. चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचं काय करायचं हा त्या काळच्या प्रत्येक गवंड्याचा प्रश्न. नेहमीचं उत्तर म्हणजे कोपऱ्यांत आडव्या कमानी टाकून चाराचे आठ करायचे, की घुमटाचा कडा सगळीकडून पेलला जातो. आपल्याकडे अष्टकोन इतका दिसतो तो निव्वळ हौस म्हणून नव्हे, त्यात सोयही होती. तुमच्या प्रकल्पात 'हाच आकार का?' असा रकाना असेल तर तिथे हे लिहा.

आणि तो जमिनीवर आखायला त्रासही नाही. घरी अंगणात करून बघा, मुलांना फार आवडतं. खडूने चौरस काढा. कर्ण टाकून मध्य शोधा. सुतळीचं एक टोक चौरसाच्या कोपऱ्यावर, दुसरं मध्यावर, एवढी लांबी पक्की करा. त्या लांबीने चारही कोपऱ्यांवरून फिरवत चौरसाच्या बाजूंवर खुणा करा. प्रत्येक बाजूवर दोन, एकूण आठ खुणा होतात. त्या ओळीने जोडल्या की सुसम अष्टकोन. कोन मोजायला लागत नाही, वर्गमूळ काढायला लागत नाही. त्या आकृतीचा फोटो वरून, गच्चीतून किंवा शिडीवरून घ्या आणि प्रकल्पात छताच्या फोटोशेजारी लावा.

वरून इमारतींचे फोटो घ्यायला ड्रोन आणू नका. संरक्षित स्मारकं आहेत, परवानगीशिवाय उडवलात तर नसती आफत. उपग्रहाच्या नकाशावर दोन्ही वास्तू वरून दिसतात, पडताळ्यापुरतं ते भरपूर झालं. पण मुख्य पुरावा मुलीने स्वतः काढलेल्या फोटोंचाच ठेवा.

इतर गावच्या कुणाला हे उत्तर वाचून आकार शोधावासा वाटला तर छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यात कबरीभोवतीची संगमरवरी जाळी आठ बाजूंची आहे, आणि तिच्याकडे वरूनच बघायचं असतं, त्यामुळे फोटोला सोपी. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर अष्टकोनी. तिलाही काठावरून खाली बघता येतं. भाज्याच्या चैत्यगृहातले खांब आठ पैलूंचे आहेत, शिवाय ते आत कललेले असल्याने तिथे नववीचीच काय, माझीही मोजणी चुकेल.

राहता राहिली वेळ. भर दुपारी किंवा ढगाळ दिवशी जाऊ नका. सगळ्या भिंती एकाच रंगाच्या दिसतात आणि दोन बाजूंमधली कड हरवते, मग मोजणार काय? सकाळी आठ-साडेआठला ऊन तिरपं असतं, एक बाजू उजळ, पुढची मध्यम, त्यापुढची सावलीत, आणि कडा पट्टीने ओढल्यासारख्या स्पष्ट होतात. मेहेकरीच्या डोंगरावर त्या वेळी वारा बराच असतो, तेव्हा ट्रायपॉड नेणार असाल तर त्याला पाण्याची भरलेली बाटली लटकवा.