वडिलांची आमटी बंद करू नका

प्रश्न : माझ्या वडिलांच्या गालाच्या आतील बाजूस कर्करोग झाला असून बेळगावात उपचार चालू आहेत. गाठ अमिनो आम्लांवर, म्हणजे प्रथिनांच्या घटकांवर, पोसते असे वाचल्यापासून आम्ही त्यांची डाळ, दूध, अंडी बंद केली आहेत. गाठीतच औषध ठेवून तिची अमिनो आम्ले तोडता येतात, असेही कळले. हा उपचार आपल्याकडे मिळेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सर्वप्रथम, आज रात्रीच्या जेवणापासून वडिलांची आमटी पुन्हा सुरू करा. आहारातून प्रथिने कमी पडली की शरीर स्वतःचे स्नायू मोडून अमिनो आम्ले रक्तात सोडते. त्यामुळे गाठ उपाशी राहत नाही, वडिलांचे दंड आणि मांड्या मात्र वाळत जातात, आणि अशक्त रुग्णाला किरणोपचार सोसत नाहीत.

तुम्ही वाचलेल्या गोष्टीला आधार आहे. गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांमधील लसिकाग्रंथींच्या गाठी विरघळतात, हे १९५३ मध्ये दिसून आले. त्या द्रवातील अॅस्पॅराजिनेज हे विकर (एन्झाइम) अॅस्पॅराजीन नावाचे अमिनो आम्ल तोडते, असे पुढे समजले. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) एका प्रकारातील पेशींना ते स्वतः पुरेसे तयार करता येत नसल्याने त्या मरतात, म्हणून मुलांच्या त्या आजारात हे औषध आजही वापरतात. मात्र ते रक्तातून सर्वत्र पोहोचते आणि काही रुग्णांत स्वादुपिंडाला सूज आणते किंवा रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते.

घन गाठींची, म्हणजे गालातल्यासारख्या एका जागी वाढणाऱ्या गाठींची, अडचण याहून मोठी आहे. अनेक गाठी ग्लुटामिन या दुसऱ्या अमिनो आम्लावर अवलंबून असतात, पण आतड्याचे अस्तर आणि प्रतिकारशक्तीच्या पेशीही त्याच ग्लुटामिनवर जगतात. म्हणूनच जेल, विरघळणारी चकती किंवा अतिसूक्ष्म कण यांतून औषध गाठीतच सोडावे, असा विचार पुढे आला. अशी चकती मेंदूच्या गाठीसाठी १९९६ पासून अमेरिकेत वापरात आहे. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत सर्जन नाण्याएवढ्या जास्तीत जास्त ८ चकत्या बसवतात. तिच्यातले औषध मात्र वेगळे, पेशीच्या डीएनएवर घाव घालणारे आहे. अमिनो आम्ले रोखणारी औषधे अशा रीतीने देण्याचे काम मुख्यतः प्रयोगशाळेत आणि उंदरांवर चालले आहे, आणि त्यातही एक पेच आहे : गाठीत शिरून तिच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही तेथे तीच आम्ले लागतात. त्यामुळे गालाच्या कर्करोगासाठी हा उपचार बेळगावातच नव्हे, मुंबई-बंगळुरूतही नेहमीच्या उपचारांत आलेला नाही. त्याची वाट पाहत ठरलेली शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार पुढे ढकलू नयेत, ही कळकळीची विनंती.

तोंड नीट उघडत नसेल, तर ताकातल्या कण्या, गाळलेली बिनतिखट आमटी, हुलग्याचे पातळ माडगे, दुधात कुस्करलेले उकडलेले अंडे, जे घशाखाली उतरेल ते थोडे थोडे, दिवसातून सहा-सात वेळा द्या. मूत्रपिंडाचा आजार नसेल, तर दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. गिळताना ठसका लागत असल्यास नळीने अन्न देण्याविषयी डॉक्टरांना लगेच विचारा. तंबाखू आणि मिश्री मात्र पूर्ण बंद हवी. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या.