'सेनाधीश परमेश्वर': ही सेना कोणाची?

प्रश्न असा आला आहे: मराठी बायबलच्या जुन्या करारात 'सेनाधीश परमेश्वर' हे शब्द वारंवार येतात. ही सेना म्हणजे इस्राएलचं सैन्य की स्वर्गातले देवदूत? आणि सरळ 'सेनापती' का म्हटलं नाही?

मूळ हिब्रूत 'यहवे त्सेवाओत' आहे. 'यहवे' हे देवाचं नाव; यहुदी परंपरेत ते उच्चारत नाहीत, म्हणून वाचताना 'अदोनाय त्सेवाओत' म्हणतात. 'त्सावा' म्हणजे सैन्य. आजच्या इस्राएली लष्कराच्या नावातही हाच शब्द आहे. 'त्सेवाओत' हे त्याचं अनेकवचन, म्हणजे 'सेनांचा यहवे'. मराठीत 'सेना'चं अनेकवचनही 'सेना'च, शिवाय समासात वचन लपतं. त्यामुळे 'सेनाधीश' वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच फौज उभी राहते, आणि मग ती कोणाची हा प्रश्न पडतो.

हिब्रूत त्सावा फक्त हत्यारबंद माणसांचा नसतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत आकाश, पृथ्वी आणि 'त्यांचा सगळा त्सावा' तयार झाला असं म्हटलं आहे. यशयाच्या ४०व्या अध्यायात देव ताऱ्यांचा त्सावा मोजून बाहेर काढतो आणि प्रत्येकाला नावाने हाक मारतो. निर्गमच्या १२व्या अध्यायात मिसरातून (इजिप्तमधून) निघालेले गुलाम 'यहवेच्या सेना' ठरतात. याच धातूचं क्रियापद निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांनाही लावलं आहे.

'इस्राएलचं सैन्य' हा अर्थ घेणारे दावीदाच्या तोंडचं वाक्य पुढे करतात. तो गल्याथ या शत्रूच्या योद्ध्याला सांगतो की मी सेनाधीश परमेश्वराच्या, इस्राएलच्या सैन्याच्या देवाच्या नावाने येत आहे (१ शमुवेल १७:४५). पुरावा वजनदार आहे. पण दुसऱ्या 'सैन्या'साठी तिथे त्सावा नाही, 'मआराखोत' आहे, म्हणजे रणात उभ्या केलेल्या रांगा. पहिल्या उपाधीचा अर्थ तोच असता तर दुसरी जोडायची गरज नव्हती, असं मला वाटतं.

लढायांच्या कथा वाचल्या की चित्र जास्त स्पष्ट होतं. शास्ते या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातलं दबोराचं गीत हिब्रूतल्या अतिप्राचीन काव्यांपैकी मानलं जातं. शत्रूचा सेनापती सीसरा याच्याकडे ९०० लोखंडी रथ आहेत. गीतात ढग पाणी ओततात, तारे आपापल्या मार्गांवरून सीसराशी लढतात आणि किशोन नदी शत्रूला वाहून नेते. रथांचं बळ पुरापुढे कसं निकामी होतं, हे मला त्या ओळींत दर वेळी नव्याने जाणवतं. यहोशवाच्या दहाव्या अध्यायात बेथ-होरोनच्या उतारावर आकाशातून शत्रूवर गारांचे धोंडे पडतात, आणि तलवारीने मेले त्यांच्यापेक्षा गारांनी मेलेले जास्त होते असं लेखक मुद्दाम नोंदवतो. अलीशा या संदेष्ट्याच्या सेवकाला दोथान गावाभोवती अग्नीचे घोडे आणि रथ दिसतात. या वर्णनांत एक क्रियापद पुन्हापुन्हा येतं: 'हामाम', शत्रूची दाणादाण उडवणं, त्याला भांबावून सोडणं. त्याचा कर्ता यहवे असतो. माणसांना मात्र तांबड्या समुद्राकाठी मोशे सांगतो, 'यहवे तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा.'

म्हणजे तारे, नदी, गारा, भीती, अग्नीचे रथ: हे सगळं त्सेवाओत. देवदूत त्यात आहेत, इस्राएलही आहे, पण यादी तिथे संपत नाही.

ही उपाधी पहिल्या पाच पुस्तकांत नाही, यहोशवा आणि शास्ते यांतही नाही. ती प्रथम १ शमुवेल १:३ मध्ये, शिलोच्या मंदिराच्या संदर्भात येते. देवाला या नावाने पहिल्यांदा हाक हन्नाने, मूल मागणाऱ्या बाईने मारली, असं तालमूद हा यहुदी धर्मचर्चेचा जुना ग्रंथ म्हणतो. त्याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएली लोक 'सेनाधीश परमेश्वराचा' कराराचा कोश, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण असलेली पवित्र पेटी, रणांगणावर आणतात, आणि हरतात. ३०,००० पायदळ पडतं, कोश शत्रूच्या, पलिष्ट्यांच्या, हाती जातो. हा देव इस्राएलच्या सैन्याच्या दिमतीला असता तर ही कथा अशी सांगितलीच गेली नसती. पुढे यिर्मया हा संदेष्टा तर याच नावाने यरुशलेमच्या नाशाची घोषणा करतो, आणि तो नाश बाबेलचं सैन्य करतं. परक्याची फौजसुद्धा त्सेवाओतमध्ये येऊ शकते ती अशी.

आता 'सेनापती'बद्दल. सेनापती हा नेमलेला अधिकारी. शिवकालीन अष्टप्रधानांतही तो छत्रपतींच्या हाताखालचा. हिब्रू ग्रंथातही तसा एक आहे. यरीहोजवळ नंगी तलवार घेतलेला पुरुष इस्राएलच्या पुढाऱ्याला, यहोशवाला, भेटतो. 'तू आमच्याकडचा की शत्रूकडचा?' असं विचारल्यावर तो 'नाही' म्हणतो आणि आपण यहवेच्या सेनेचे 'सार' असल्याचं सांगतो. सार म्हणजे सेनापती, आणि त्याचा धनी तो सेनाधीश. मराठी भाषांतरकारांनी 'अधीश' निवडला तो योग्यच.

ग्रीक भाषांतरकारांनी यशयात 'सबाओथ' तसाच ठेवला, आणि इतरत्र बऱ्याच ठिकाणी 'पांतोक्रातोर', म्हणजे सर्वसत्ताधारी, असं केलं. त्यात अर्थाची व्याप्ती सांभाळली गेली, पण सेना गेल्या. मला मराठी शब्द अधिक जवळचा वाटतो. तळटीप द्यायचीच झाली तर 'आकाशातल्या आणि पृथ्वीवरच्या सर्व सेनांचा अधिपती' एवढी पुरे.