'यजमान पेशी' की 'आश्रयी पेशी'?

प्रश्न असा आहे. रोगजंतू आपल्या पेशींशी कसे वागतात यावरचा एक लेख मराठीत आणताना अनुवादकाने 'होस्ट सेल'साठी, म्हणजे रोगजंतू जिच्यात शिरतो किंवा जिला चिकटतो त्या पेशीसाठी, 'यजमान पेशी' लिहिलं. तपासणाऱ्याने ते सगळीकडे खोडून 'आश्रयी पेशी' केलं. कारण दिलं की यजमान पाहुण्याला बोलावतो, पेशी काही रोगजंतूला बोलावत नाही. नमुन्याला एक वाक्यही पाठवलं आहे : 'विषाणू आश्रयीच्या ग्राहकाला जोडला जातो आणि आश्रयीची यंत्रणा वापरतो.'

'यजमान' परत आणा आणि 'आश्रयी' काढून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. बोलावण्याचा मुद्दा रास्त आहे, त्याकडे येतोच. पण 'आश्रयी'त त्याहून मोठी अडचण आहे. तो शब्द उलट्या बाजूचा आहे.

शब्दाच्या शेवटी येणारा हा 'ई' पाहा. रोगी म्हणजे ज्याला रोग आहे तो. ऋणी म्हणजे ज्याच्यावर ऋण आहे तो, ऋण देणारा सावकार नव्हे. त्याच चालीने आश्रयी म्हणजे ज्याला आश्रय आहे, जो दुसऱ्याच्या आधाराने राहतो तो. संस्कृतातही 'आश्रयिन्'चा अर्थ हाच, कशाला तरी धरून राहणारा. म्हणजे सरळ वाचलं तर 'आश्रयी' हा विषाणू ठरतो! जुन्या शास्त्रीय मजकुरात 'आश्रयी' हा शब्द आश्रय देणाऱ्यासाठी वापरलेला मीही पाहिला आहे, त्यामुळे तपासणाऱ्याचा दोष मी मानत नाही. पण 'आश्रयीची यंत्रणा वापरतो' हे वाचून नेमकी कुणाची यंत्रणा, हे वाचकाला दोनदा मागे जाऊन शोधावं लागतं. देणाराच म्हणायचा असेल तर 'आश्रयदाता' आहे. तो अर्थाला स्वच्छ आहे, फक्त राजाश्रयाची आठवण करून देतो आणि लांबही पडतो.

आता 'यजमान'. हा 'यज्' धातूपासून आला आहे. संस्कृतात हा धातू परस्मैपद आणि आत्मनेपद अशा दोन्ही पदांत चालतो आणि त्यात एक सुंदर भेद आहे. यज्ञाचं फळ करणाऱ्यालाच मिळणार असेल तर आत्मनेपद, 'यजते'. दुसऱ्यासाठी यज्ञ करणारे याजक मात्र 'यजन्ति'. पाणिनीने या भेदाचं सूत्रच दिलं आहे. 'यजमान' हे रूप आत्मनेपदाचं, म्हणजे ज्याच्या घरी यज्ञ, ज्याचा खर्च आणि ज्याला फळ, तो यजमान.

व्युत्पत्तीला धरूनच बसलं तर खरी हरकत इथे घेता येईल. रोगजंतू शिरलेल्या पेशीत घर तिचं, सामग्री तिची, खर्च तिचा, आणि फळ मात्र दुसऱ्याला! तपासणाऱ्याने हा मुद्दा काढला असता तर मला जास्त विचार करावा लागला असता. पण मराठीने फळाची अट केव्हाच सोडून दिली आहे. स्पर्धेचं यजमानपद एका देशाकडे असतं आणि चषक दुसराच घेऊन जातो, तरी यजमान बदलत नाही. 'आमचे यजमान' म्हणजे नवरा, तिथेही घरधनी एवढाच अर्थ उरला आहे. बोलावण्याचंही तसंच. न बोलावता कुणी दारात उभा राहिला तरी त्या घराचा यजमान यजमानच राहतो. ज्याच्या घरात आणि ज्याच्या सामानावर गोष्ट घडते तो, एवढाच गाभा शिल्लक आहे, आणि शास्त्राला नेमका तेवढाच हवा आहे.

इतर भाषाही या जागी चाचपडल्या आहेत. लॅटिनमधल्या 'होस्पेस'चा अर्थ यजमानही होतो आणि पाहुणाही. त्यापासून आलेल्या फ्रेंच शब्दाला आजही दोन्ही अर्थ आहेत. जर्मनांनी 'वीर्ट' घेतला, खाणावळ किंवा उतारशाळा चालवणारा. त्या मानाने मराठी 'यजमान' फार नेमका आहे, कारण तो चुकूनही पाहुण्याला लागत नाही.

हे नेमकेपण मी इतकं लावून का धरतो, ते एका जिवाणूवरून सांगतो. ई. कोलायचा एक प्रकार लहान मुलांना जुलाब लावतो. तो आतड्याच्या पेशीत शिरत नाही, बाहेरून घट्ट चिकटून बसतो. चिकटायला त्याच्या अंगावर 'इंटिमिन' नावाचं प्रथिन आहे. ते पेशीच्या आवरणातल्या एका प्रथिनाला पकडतं. ९० किलोडाल्टन वजनाचं हे दुसरं प्रथिन साहजिकच यजमान पेशीचं मानलं गेलं होतं. तिच्याच आवरणात सापडत होतं, मग दुसऱ्या कुणाचं असणार? १९९७ मध्ये उलगडा झाला की ते जिवाणूचंच आहे. जिवाणू सुईसारख्या एका यंत्रणेतून ते पेशीत टोचतो, ते आवरणात जाऊन बसतं, आणि मग त्याच्याच बाहेर आलेल्या भागाला जिवाणू येऊन चिकटतो. पाहुण्याने बसायचा पाटही स्वतःच घेऊन यावा, तसं. पुढचं काम मात्र पेशी करते. तिचीच विकरं (एन्झाइम) त्या प्रथिनाच्या आतल्या टोकाला फॉस्फेट जोडतात, तिथे पेशीच्या सांगाड्यातलं अ‍ॅक्टिन नावाचं प्रथिन गोळा होतं आणि जिवाणूच्या खाली एक चौथरा उभा राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आतड्याच्या पेशीवरची केसांसारखी बारीक लव त्या जागी नाहीशी झालेली असते आणि प्रत्येक जिवाणू आपल्या चौथऱ्यावर बसलेला दिसतो.

आता हाच परिच्छेद 'आश्रयी' घालून लिहून पाहा. टोचलेलं प्रथिन कुणाचं, विकर कुणाचं, अ‍ॅक्टिन कुणाचं, हेच तर सगळं सांगायचं आहे. 'यजमानाचं' आणि 'जिवाणूचं' या दोन शब्दांवर अख्खी गोष्ट तोललेली आहे. त्यातला एक शब्द दोन्हीकडे वळणारा असेल तर गोष्टच बुडाली.

शिवाय याच उदाहरणात 'आश्रय' कुठे आहे? जिवाणू तर बाहेरच बसला आहे. पटकीचा (कॉलऱ्याचा) जिवाणूही पेशीत पाऊल टाकत नाही. त्याचं विष तेवढं आत जातं आणि पेशीतून क्षार आणि पाणी बाहेर पडत राहतं. (या विषाचं अस्तित्व शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात दाखवलं आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं, म्हणून मुद्दाम लिहितो.) उलट टोक क्षयाच्या जंतूचं. त्याला गिळते ती भक्षक पेशी, ती गिळते मारण्यासाठीच. पण ज्या पिशवीत तो गिळला जातो तिला पाचक रसांच्या पिशवीशी जुळूच न देता तो तिथे मुक्काम करतो. तिथे यजमान पेशी आणि भक्षक पेशी एकच असते. 'यजमान' म्हटलं की ही दोन्ही टोकं सांभाळली जातात, कारण त्या शब्दात मायाही नाही आणि वैरही नाही.

माया 'पोशिंदा'त आहे. हा शब्द मला मनापासून आवडतो. अस्सल मराठी, आणि 'लाख मेले तरी चालतील, पण लाखांचा पोशिंदा जगला पाहिजे' ही म्हण सगळ्यांच्या कानावर असते. बांडगूळ आणि झाड, जंत आणि ज्याच्या पोटात ते राहतात तो प्राणी, अशा जोड्यांत पोशिंदा छान बसतो. तिथे पोषण हाच संबंध असतो, आणि म्हणीतलं शहाणपणही लागू पडतं, कारण पोशिंदा मेला की त्याच्या जिवावर जगणारेही जातात. पेशीच्या पातळीवर मात्र मी तो टाळतो. विषाणू काही खात नाही, त्याला पोसायचं नसतंच. त्याच्याकडे स्वतःची प्रथिनं घडवण्याची सोय नसते, म्हणून तो पेशीच्या रायबोसोमांकडून ती घडवून घेतो. ही कारखान्याचा ताबा घेण्याची गोष्ट आहे, जेवू घालण्याची नाही. शिवाय 'पोशिंदी पेशी, पोशिंद्या पेशी, पोशिंद्या पेशींची' अशी लिंग-वचनाची तारांबळ मजकूरभर सांभाळावी लागते. 'यजमान पेशी'त 'यजमान' जसाच्या तसा राहतो.

'यजमान' घेतल्यावर एका ठिकाणी जपायला हवं. हिवतापावर लिहिताना 'मध्यस्थ यजमान' असा प्रयोग आढळतो. मराठीत मध्यस्थ म्हणजे दोघांच्या मध्ये पडून तडजोड करणारा, त्यामुळे वाचकाला वाटतं की रोग इकडून तिकडे नेणारा डास तो मध्यस्थ. खरं उलट आहे. परजीवीच्या नर-मादी पेशींचं मीलन ज्याच्या शरीरात होतं तो मुख्य यजमान, आणि हिवतापाच्या परजीवीसाठी तो मान डासाकडे जातो! माणूस दुसरा, म्हणजे ज्याला 'मध्यस्थ' म्हटलं जातं तो. त्याच्या यकृतात आणि मग तांबड्या पेशींत परजीवी मुख्यतः स्वतःच्या प्रती वाढवत राहतो. 'मुख्य यजमान' आणि 'दुय्यम यजमान' लिहावं, म्हणजे घोटाळा होत नाही.

तुमच्या वाक्यातला 'ग्राहक'ही (म्हणजे 'रिसेप्टर', पेशीवरचं ज्याला विषाणू धरतो ते प्रथिन) बदलाच. ग्राहक म्हणजे गिऱ्हाईक, हा अर्थ आता इतका पक्का आहे की दुसरा काही मनात येतच नाही. 'ग्राही' चालेल. पण त्याच्या षष्ठीकडे लक्ष ठेवा. 'विषाणूचा ग्राही' लिहिलं की पेशीने विषाणूसाठीच कडी-कोयंडा बसवून ठेवलाय असं वाटतं. कोविडचा विषाणू ज्याला चिकटतो ते एसीई-२ हे प्रथिन रक्तदाब ताब्यात ठेवणाऱ्या साखळीतलं एक विकर आहे, ते स्वतःचं काम करत असतं. एचआयव्ही ज्या सीसीआर-५ ला धरतो, त्याचं काम प्रतिकारपेशींना कुठे जायचं याचे संदेश घेणं हे आहे. म्हणून 'यजमान पेशीवरचा ग्राही, ज्याला विषाणू चिकटतो' अशी रचना करावी. चार शब्द जास्त लागतात, पण मालकी जिथली तिथे राहते.

लेखाच्या मथळ्यात 'इंटरॅक्शन'साठी 'आंतरक्रिया' असेल तर मी 'परस्परक्रिया' करीन. आंतर म्हणजे आतला, असंच प्रथम वाचलं जातं, आणि इथे आत-बाहेर हा वेगळाच मुद्दा आहे. 'जोडला जातो'ऐवजी 'चिकटतो' किंवा 'पकडतो' का लिहू नये? जोडणारा तिसरा कुणी नाही तिथे.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : 'विषाणू यजमान पेशीवरच्या ग्राहीला पकडतो, आत शिरतो आणि पेशीचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती तयार करून घेतो.' एकाच वाक्यात 'यजमान' पुन्हा घालायची गरज नाही. 'पेशीचीच' मधला 'च' ते काम करतो.