भित्तिचित्रकार व्हायचे आहे, म्हणून पदवी सोडावी का?

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलीने सुट्टीत स्प्रे पेंटिंगची कार्यशाळा केली, मग ती कार्यशाळा घेणाऱ्या चमूबरोबर नाशिकमधील महापालिकेच्या एका शाळेची कुंपणभिंत वस्तीतल्या मुलांना सोबत घेऊन रंगवली, आणि आता पदवीला न जाता तिथेच मदतनीस म्हणून राहण्याचा हट्ट तिने धरला आहे, असे आपण लिहिले आहे. ‘भिंती रंगवायला शिक्षण कशाला, आणि त्यावर पोट कसे भरणार?’ असे तिचे वडील विचारतात. आपल्याला काळजी आहे ती स्प्रेच्या उग्र वासाची आणि पोलिसांच्या ससेमिऱ्याची.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या वाटचालीत सापडते. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर 2014 मध्ये दादासाहेब फाळके यांचे अवाढव्य चित्र काढणारे रणजित दहिया यांची सुरुवात हरियाणातील आपल्या गावी भिंतींना चुना लावण्यापासून झाली. तिथून ते चंदीगडच्या कला महाविद्यालयात गेले आणि पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकले. भिंत रंगवणे हलके काम नाही हे त्यातून जसे दिसते, तसेच भिंतीशी आधीच ओळख असलेल्या माणसालाही शिक्षणाची गरज वाटली, हेही दिसते. (ज्यांचे चित्र तिथे आहे ते फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, आणि तेही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले होते.)

माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्या मुलीला ज्याची भुरळ पडली आहे तो स्प्रेचा डबा हा या व्यवसायाचा सर्वांत सोपा भाग आहे. डबा भिंतीपासून किती अंतरावर धरायचा, बारीक रेघेसाठी कोणते नोझल आणि रुंद फवाऱ्यासाठी कोणते लावायचे, रंग ओघळू नये म्हणून हात कुठेही न थांबवता कसा फिरवायचा, काम संपल्यावर डबा उलटा धरून नोझल कसे मोकळे करायचे, हे सारे नेमाने सराव केल्यास काही महिन्यांत हाताला बसते. शिवाय मोठी भिंत कोणी केवळ स्प्रेने रंगवत नाही. चारशे मिलिलिटरच्या डब्यात साधारण एक ते दोन चौरस मीटर भाग झाकला जातो, म्हणजे वीस फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीच्या नुसत्या एका हातालाच दहा-बारा किंवा त्याहून अधिक डबे संपतील. म्हणून पोपडे खरवडणे, ओल आणि लोणा पाहणे, प्रायमर मारणे, रोलरने बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग चढवणे ही कामे आधी होतात, आणि स्प्रे येतो तो छटा, कडा आणि चमक यांसाठी.

खरी कसोटी कागदावरचे चित्र भिंतीवर नेण्यात असते. पूर्वी सुतळीने चौकटी आखत, आजही आखतात. अलीकडे अनेक जण भिंतभर वाटेल तशा खुणा आणि अक्षरे काढून ठेवतात, तिचे छायाचित्र घेतात आणि मोबाइलमध्ये त्यावर आपले रेखाटन ठेवून, कोणत्या खुणेजवळून नाकाची रेघ जाते आणि कोणत्या अक्षरातून हनुवटी, हे पाहत परांचीवर उभे राहून चित्र उतरवतात. युक्ती चांगली आहे, परंतु मूळ रेखाटनात चेहरा चुकला असेल तर भिंतीवर तो वीस पट मोठा चुकतो. मानवाकृतीचे रेखाटन वर्षानुवर्षे गिरवून घेणारी शिस्त कलामहाविद्यालयात मिळते, मदतनिसाला ती क्वचितच मिळते.

आपल्या मुलीला वस्तीतल्या मुलांबरोबर काम करणे सर्वाधिक भावले, हा आपल्या पत्रातील उतारा मला महत्त्वाचा वाटला. लोकसहभागाच्या कामाचा नमुना म्हणून तिने फिलाडेल्फिया शहराचा अभ्यास करावा. भिंती विद्रूप करणाऱ्या तरुणांना वळण लावण्यासाठी तिथल्या महापालिकेने 1984 मध्ये जेन गोल्डन या चित्रकर्तीला नेमले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या उपक्रमाने आजवर हजारो भित्तिचित्रे साकारली. तिथे चित्राचे भाग पातळ, न विणलेल्या कापडावर पाडले जातात, वयस्कर माणसे आणि शाळकरी मुले ते टेबलावर बसून रंगवतात, आणि मग ते कापड भिंतीवर चिकटवले जाते, त्यामुळे परांचीवर चढू न शकणाऱ्याचाही हात चित्राला लागतो. त्याआधी बैठका होतात, आणि भिंतीवर काय असावे यावर वादही होतात. आपल्याकडे कोणाला देव हवा असतो, कोणाला नेता, तर कोणाला नुसता स्वच्छ रंग. ते ऐकून घेणे हा कामाचाच भाग आहे. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरील घरे 2017 मध्ये स्वयंसेवकांनी रंगवली, तेव्हा मेट्रोतून ती सुंदर दिसू लागली, आणि रंगाने पाण्याचे व शौचालयाचे प्रश्न सुटतात का, अशी रास्त विचारणाही झाली. या क्षेत्रात उतरणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

आता पोटापाण्याविषयी. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने होणारी महापालिकांची कामे बहुधा ठेकेदारामार्फत चौरस फुटाच्या दराने मिळतात आणि त्यात कलाकाराच्या हाती कमी उरते. शाळा, उपाहारगृहे, हॉटेले आणि कंपन्यांची कार्यालये यांची कामे बरी असतात. पावसाळ्यात बाहेरच्या भिंती बंद पडतात, म्हणून अनुभवी मंडळी ते महिने आतल्या भिंती आणि कार्यशाळा यांसाठी राखतात. उत्पन्न अनियमित असते आणि पहिली काही वर्षे घरचा आधार लागतो, हे गृहीत धरावे.

स्प्रेबाबत आपली काळजी योग्य आहे. त्यात ॲसिटोन, झायलीन यांसारखी द्रावके आणि ज्वालाग्राही वायू असतात. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क येथे निरुपयोगी आहे. सेंद्रिय वाफा अडवणारी काडतुसे असलेला रेस्पिरेटर वापरावा, काम मोकळ्या हवेत करावे, आणि डबे उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नयेत. पोलिसांचा प्रश्न लेखी परवानगीने मिटतो. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा 1995 चा कायदा लागू आहे, त्यामुळे खासगी भिंतीसाठी मालकाची आणि सार्वजनिक भिंतीसाठी संबंधित कार्यालयाची परवानगी कामाच्या जागी जवळ असावी. करारही लेखीच हवा. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले ब्राँझचे भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकले गेले म्हणून अमरनाथ सेहगल न्यायालयात गेले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल देत पाच लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. कलाकृती विकल्यानंतरही तिची मोडतोड रोखण्याचा कलाकाराला कायद्याने दिलेला ‘नैतिक हक्क’ असतो, हे तिने आताच जाणून घ्यावे.

तेव्हा बारावीनंतर चार वर्षांच्या बी.एफ.ए.ला, म्हणजे ललित कलेच्या पदवीला, प्रवेश घ्यावा, असे मी सुचवेन. विज्ञान शाखा त्याच्या आड येत नाही. राज्याच्या सीईटी कक्षाची कला शाखेची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तीत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र व सामान्यज्ञान असते. जे. जे.ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, म्हणून तिथली प्रवेशाची माहितीपुस्तिका स्वतंत्रपणे पाहावी. उपयोजित कलेत (जाहिरात, मांडणी यांसारख्या कामांच्या कलेत) नोकरीच्या वाटा अधिक आहेत, तरीही तिची ओढ पाहता मी चित्रकलेकडे झुकेन, कारण अक्षरलेखन आणि संगणकावरील मांडणी पुढे जोडीने शिकता येते.

मदतनीस होण्याचा बेत मोडू नका, तो सुट्ट्यांपुरता ठेवा. परवानगी द्यायच्या आधी त्या चमूच्या प्रमुख कलाकाराला आपण स्वतः भेटून विचारावे की परांचीवर सेफ्टी बेल्ट असतो का, रेस्पिरेटर कोण देते, मानधन किती, आणि चित्राखाली मदतनिसांची नावे लिहिली जातात का. प्रत्येक भिंतीचे आधीचे, मधले आणि पूर्ण झाल्यानंतरचे छायाचित्र तिने तारखेसह जपून ठेवावे, आणि त्यातला कोणता भाग आपण स्वतः रंगवला हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.